जुन्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन बसलंय? पुण्यात ते कसं बांधून घ्यावं

पुण्यात हौसेने जुनी वेगवान गाडी बाळगणारे कमी नाहीत. कुणाकडे पहिल्या पिढीतली ऑक्टाव्हिया आरएस, कुणाकडे होंडा सिटी व्हीटेक, कुणाकडे पॅलिओ १.६, आणि खिसा खोल असेल तर पोर्शची बॉक्स्टर. कागदोपत्री स्पोर्ट्‌स कार म्हणावी अशी यातली शेवटचीच. बाकीच्यांना आपण प्रेमाने तसं म्हणतो, आणि इंजिनाच्या कामापुरतं ते चालून जातं. अशा गाडीचं इंजिन एक दिवस बसतं आणि मालकाला दोन सल्ले फुकट मिळतात: ‘गाडी काढून टाका’ किंवा ‘दुसरं इंजिन टाका, दोन दिवसांत गाडी चालू’. दोन्ही घाईचे आहेत.

पहिल्यांदाच या कामात पडत असाल तर एक गोष्ट पक्की धरा. इंजिन कशाने गेलं हे कळल्याशिवाय ते बांधायचं नाही, आणि दुसरं आणलं असेल तर तेही बसवायचं नाही. मूळ कारण बऱ्याचदा इंजिनाच्या बाहेर असतं: गाळाने भरलेला रेडिएटर, पंखा शाफ्टवर सुटलेला वॉटर पंप, मुदत उलटून गेलेला टायमिंग बेल्ट, खाली लटकणारा हवेचा पाइप. ते तसंच ठेवून नवं इंजिन बसवलं तर तेही त्याच वाटेने जातं.

सेल्फ मारू नका

गाडी बंद पडली की ‘एकदा मारून बघ’ म्हणणारा कुणीतरी शेजारी उभाच असतो. ऐकू नका. बेल्ट तुटला असेल, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल किंवा बेअरिंग धरलं असेल, तर सेल्फच्या प्रत्येक फटक्यागणिक बिल वाढतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्या.

रस्त्यातल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला तर हे जास्तच लागू. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर असो, की २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलेलं पाणी असो, गाडी पाण्यात राहिली म्हणजे इंजिन गेलंच असं नसतं. पाण्यात उभी असताना ते बंद असेल तर बरंच काही वाचवता येतं. दाबलं जात नाही अशा पाण्यावर पिस्टन चालवला, की कनेक्टिंग रॉड वाकतो.

कशाने गेलं ते शोधा

या टप्प्यावर घालवलेला वेळ पुढे पैशांत परत मिळतो, म्हणून इथे घाई नको. गॅरेजवाला थेट हेड (सिलिंडरांवरचं, वॉल्व्ह असलेलं झाकण) उघडायला निघाला तर नम्रपणे थांबवा. पुढच्या तपासण्या हेड न उघडता होतात.

आधी ऑइल. ते पारदर्शक बरणीत काढा आणि रात्रभर ठेवा. पाणी असेल तर तळाशी बसेल. मग ऑइल फिल्टरचं डबडं कापा, आतला कागद पिळून उघडा आणि उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर त्यावरून चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड-पोलाद, म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा), कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), ऑइल पंप यांच्यापैकी काहीतरी. न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी कण बहुधा बेअरिंगचे. बेअरिंगच्या शेलमध्ये, म्हणजे क्रँकला टेकणाऱ्या अर्धगोल पट्टीत, पाठीला पोलाद असतं आणि त्यावर मऊ धातूचे पातळ थर. वरचा करडा थर झिजून खालचा तांबडा दिसू लागला की क्रँकच्या कामाला पर्याय उरत नाही. लोडवर ‘ठक-ठक’ वाजणारं इंजिन हीच गोष्ट सांगत असतं.

ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, चहाच्या रंगाची साय दिसली की लोक लगेच ‘हेड पॅकिंग गेलं’ म्हणतात. जरा सबुरीने घ्या. पावसाळ्यात रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फेरी मारणाऱ्या गाडीतही वाफ साचून थोडी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, कूलंट कमी होत असेल आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर संशय खरा. खात्रीसाठी कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू येतो का ते तपासणारं निळं रसायन मिळतं. वायू असेल तर ते पिवळं पडतं.

त्यानंतर काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. इंजिन हाताने, क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून, पूर्ण दोन फेरे फिरतंय याची खात्री झाल्यावरच ही तपासणी करा. बेल्ट तुटला असेल तर मुळीच करू नका. सगळे प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि चारही सिलिंडर मोजा. चांगल्या पेट्रोल इंजिनाला साधारण १० ते १३ बार मिळतात. मेकॅनिक पीएसआयमध्ये बोलतात, तर १० बार म्हणजे १४५ पीएसआय. ऑक्टाव्हियाच्या १.८ टर्बोसाठी ७ बारच्या खाली किंवा दोन सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक म्हणजे काम निघालं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा पॅकिंग.

लीक-डाउन गेज मिळालं तर उत्तमच. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा तडा.

पाण्यात गेलेल्या इंजिनाची खोड वेगळी. प्लग काढून पाणी बाहेर काढलं की ते चालूही होतं, आणि मालक खूश होतो. पण थोडासा वाकलेला रॉड लांबीने कमी होतो, पिस्टन वरपर्यंत येत नाही. एकाच सिलिंडरचं काँप्रेशन कमी आणि ऑइल टाकूनही फरक नाही, असं दिसलं तर प्लगच्या भोकातून डायल गेज घालून चारही पिस्टनची उंची ताडून बघा. असा रॉड काही हजार किलोमीटरनंतर तुटतो आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) फोडून बाहेर येतो.

पोर्शची बॉक्स्टर, केमन किंवा ९११ असेल तर दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. १९९७ ते २००८ च्या दरम्यानच्या बहुतेक इंजिनांत इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात, ते दुखणं आहे; फिल्टरमध्ये त्याचे तुकडे सापडतात. दुसरं म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून ते दिसतात, त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही.

बांधायचं की बदलायचं

कारण कळलं की निर्णय बराचसा आपोआप होतो. बेल्ट तुटून वॉल्व्ह वाकले असतील तर बऱ्याचदा खालचं इंजिन शाबूत असतं; पिस्टनवर खोल खड्डे पडले नसतील तर हेडच्या कामावर भागतं. गरम होऊन हेड वाकलं असेल तरी तेच, फक्त रिंगांचा ताव गेलाय का ते बघून. बेअरिंग गेलं, रॉड वाकला, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडे पडले, तर पूर्ण इंजिन उघडायचं. ब्लॉकला भोक पडलं असेल तर दुसऱ्या इंजिनाची वेळ आली.

दुसरं इंजिन म्हणजे बहुतेक वेळा अपघातात गेलेल्या गाडीचं. पुण्यात नाही मिळालं तर लोक मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीच्या मायापुरीत शोधतात. घेताना विक्रेत्याचं ‘फक्त साठ हजार चाललंय’ हे वाक्य हिशोबात धरू नका. समोर काँप्रेशन मोजून मागा, संप (खालची ऑइलची टाकी) उघडून एक बेअरिंग कॅप काढून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान. इंजिनाचा कोडही बघा, नुसती क्षमता नको. ऑक्टाव्हियाचं १.८ टर्बो आणि लॉराचं १.८ टीएसआय यांच्या नावात साम्य आहे, बाकी ती वेगळी घराणी आहेत: एकाला बेल्ट, दुसऱ्याला चेन आणि थेट इंजेक्शन. एकाच्या जागी दुसरं ‘थोडं ॲडजस्ट करून’ बसत नाही.

आता कागदपत्रं. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तुमचाच ब्लॉक ठेवून आतलं सगळं बदललं तरी आरसी बदलत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या परवानगीने करायचा आणि केल्यावर १४ दिवसांत आरसीवर नोंदीसाठी कळवायचं. एमएच १२ वाल्यांनी संगम पुलाजवळच्या कार्यालयात, एमएच १४ वाल्यांनी मोशीला, काम सुरू करायच्या आधी विचारून यावं. ज्या गाडीचं इंजिन घेताय तिच्या आरसीची प्रत, विक्रीचं बिल आणि ती गाडी चोरीची नाही याची पोलिसांच्या पोर्टलवरून काढलेली एनओसी, एवढं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘नंबर पाडून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तो सरळ गुन्हा आहे. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना इन्स्पेक्टर चासी आणि इंजिन नंबर ताडून बघतो, तेव्हा ही भानगड हमखास वर येते.

या सगळ्यामुळे माझं मत स्वतःचा ब्लॉक वाचवण्याकडे झुकतं. दुसरं इंजिन घ्यायचंच असेल तर त्याचं हेड, क्रँक, रॉड काढून आपल्या ब्लॉकमध्ये वापरता येतात का ते आधी बघा. क्रँक अर्थातच मोजून.

इंजिन उतरवताना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम काढू नका. सेक्रेटरी येईलच, आणि त्याआधी ऑइलचा डाग येईल. चेन पुली आणि पक्कं छत असलेलं गॅरेज बघा, जिथे गाडी दीडेक महिना उभी राहिली तरी मालक कुरकुर करणार नाही. हे बोलणं पहिल्याच दिवशी करून घ्या.

एसीचे पाइप सोडू नका. काँप्रेसर बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो. प्रत्येक वायर सॉकेट काढण्याआधी मोबाइलवर फोटो. बोल्ट झिपच्या पिशव्यांत, पिशवीवर मार्करने जागा लिहून. बेअरिंग कॅप, रॉड कॅप आणि पिस्टन यांची जागा आणि दिशा अदलाबदल होता कामा नये. खुणा नसतील तर मार्करने करा. जुने शेल आणि रिंगा भंगारात टाकण्याआधी क्रमाने मांडून फोटो काढा. कुठला शेल जास्त झिजलाय यावरून ऑइल कुठे कमी पोचत होतं ते समजतं.

काढलेलं ऑइल नाल्यात जाता कामा नये. गॅरेजवाले ते जमा करून विकतात, त्यांनाच द्या.

लेथवाल्याकडे

पुण्याचा खरा फायदा इथे आहे. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये जगभरच्या ट्रकांसाठी क्रँकशाफ्ट घडतात, खडकीला किर्लोस्करांची इंजिनं बनत आली, आणि भोसरीच्या एमआयडीसीत मायक्रॉनची भाषा बोलणारे कारागीर गल्लीगल्लीत आहेत. मात्र त्यातल्या प्रत्येकाला जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाची सवय असेलच असं नाही. ट्रॅक्टर आणि टेम्पोच्या डिझेल इंजिनावर हात बसलेला माणूस तुमच्या ॲल्युमिनियमच्या हेडला तसाच हात लावेल. म्हणून दुकान निवडताना मशीन किती मोठं आहे ते बघू नका, मोजतात कशाने ते बघा. बोअर गेज, मायक्रोमीटर, क्रँक ठेवायला व्ही-ब्लॉक आणि डायल, एवढं टेबलावर दिसलं पाहिजे. व्हर्निअरने बोअर मोजणाऱ्याकडून ब्लॉक परत घेऊन या.

मोजताना शेजारी उभे राहा, कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली असा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर आडवा-उभा असा दोन दिशांनी मोजायचा. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे. झीज सगळ्यात जास्त दिसते ती वरची रिंग जिथे उलटते तिथे, वरच्या कडेपासून थोडंसं खाली. गेजची सुई तिथे हळूच सरकते. हे आकडे स्वतः वहीत लिहून घ्या आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. मर्यादेत असेल तर होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. नसेल तर बोअर मारून, म्हणजे मोठा करून, ओव्हरसाइझ पिस्टन.

इथे क्रम महत्त्वाचा. पिस्टन आधी हातात यायला हवेत, बोअर नंतर मारायचा. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, त्याला मॅन्युअलप्रमाणे जागा सोडून, त्या-त्या सिलिंडरचं माप ठरतं. ‘अर्धा मिलिमीटर मारून ठेवतो, पिस्टन येतील तेव्हा येतील’ हे चालत नाही. आणि ते पिस्टन आलेच नाहीत तर ब्लॉकही गेला. होनिंगच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदताना स्पष्ट दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान, पण त्यावर ऑइल टिकत नाही.

पोर्शवाल्यांनी ब्लॉक अशा दुकानात न्यायचाच नाही. तिथे ओतीव लोखंडाची स्लीव्ह नसते, सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमची खास भिंत असते, आणि साध्या बोअरिंगने ती कायमची बिघडते.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मोजा, भेगांची चुंबकीय तपासणी करून घ्या, आणि ग्राइंडिंग करायचंच असेल तर त्या घटलेल्या मापाचे (अंडरसाइझ) शेल बाजारात मिळतायत याची आधी खात्री करा. हेडची सपाटी सरळ पट्टी आणि फिलर गेजने बघतात, ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट म्हणजे फेसिंग (हेड घासून सपाट करणं). पण किती घासता येतं यालाही मर्यादा आहे, कारण हेड पातळ झालं की वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. गरम झालेल्या हेडची प्रेशर टेस्ट फेसिंगच्या आधी करा. तडा गेलेलं हेड सपाट करून काय उपयोग?

सगळं झाल्यावर ब्लॉक धुणं. हे काम गॅरेजमध्ये सर्वात जास्त दुर्लक्षिलं जातं. होनिंगची बारीक रेती रॉकेलने निघत नाही, उलट रेघांत बसते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन बोअर घासा, मग पांढरा कपडा ऑइलमध्ये भिजवून आत फिरवा. कपडा करडा आला तर पुन्हा धुवा. ऑइलच्या वाटांमध्ये बाटली धुवायचा बारीक ब्रश घाला. वाळला की लगेच ऑइलचा हात फिरवायचा. जुलैच्या हवेत कोरडा बोअर संध्याकाळपर्यंत तांबूस होतो.

पार्ट

चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि त्याच नंबराने मागवा. नाना पेठेत फिल्टर, क्लिप, होज, ओ-रिंग, सेन्सर असं बरंच मिळतं. पिस्टन, शेल, हेड पॅकिंग यांसाठी मात्र बाहेरून मागवायची तयारी ठेवा, आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. बजेटवर तीस टक्के वेगळे ठेवा.

काही गोष्टी जुन्या वापरायच्याच नाहीत: हेडचे ताणले जाणारे बोल्ट, रॉड बोल्ट, ऑइल सील, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप. १.८ टर्बोच्या काही पंपांना प्लास्टिकचा पंखा असतो, तो शाफ्टवर नुसता फिरत राहतो आणि इंजिन तापतं. धातूच्या पंख्याचा घ्या. बेअरिंग गेलेल्या गाडीत ऑइल कूलर बदला, धुण्यात वेळ घालवू नका. त्याच्या आत अडकलेले कण नव्या बेअरिंगला खातात. टर्बोचं ऑइल नेणारी नळीही नवी.

बांधणी

चांगला मिस्त्री इथे वेळ घेतो, घेऊ द्या. प्रत्येक रिंग बोअरमध्ये ठेवून तिच्या टोकांतली फट मोजायची. ८१ मिलिमीटरच्या बोअरला साधारण पाव ते चार दशांश मिलिमीटर. बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजच्या, म्हणजे दाबल्यावर पसरणाऱ्या प्लॅस्टिकच्या, धाग्याने बघायची. एक-एक कॅप टॉर्क रेंचने आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा. जड झाला तर शेवटची कॅप काढून कारण शोधा, पुढे जाऊ नका. हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, आधी टॉर्क रेंचने, मग ठरलेले अंश फिरवून. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याचा मान ठेवून रेंच त्याच्या हातात द्या.

बेल्ट चढवून टायमिंग लावल्यावर क्रँक पुन्हा पूर्ण दोन फेरे हाताने फिरवा आणि खुणा जुळतायत का बघा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका.

आणि ज्या कारणाने इंजिन गेलं होतं त्याची आता दुरुस्ती झाली आहे का, ते गाडीत चढवण्याआधी तपासा. रेडिएटर धुतला, पंखा चालतोय, थर्मोस्टॅट नवा, हवेचा पाइप वरून वळवला, याची खूण वहीत करा.

पहिला स्टार्ट आणि पुढचे किलोमीटर

इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, प्लग काढून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडं-थोडं फिरवा. टर्बोच्या नळीत आधी हाताने ऑइल भरा. मग प्लग लावून स्टार्ट. काही सेकंद टॅपेट (वॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजतील, हायड्रॉलिक असतील तर शांत होतात. प्रेशरचा दिवा विझला नाही तर लगेच बंद. गळती बघा, कूलंटमधली हवा काढा, पंखा लागेपर्यंत थांबा, आणि तासभर रेसिंग करत बसू नका. रिंगांना बोअरवर बसायला लोड लागतो, नुसतं आयडलिंग नको.

त्यासाठी पुण्याला रस्ते उत्तम आहेत. पहाटे, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधी, पिरंगुट-पौडमार्गे मुळशीच्या बाजूला निघा. चढावर मधल्या गिअरमध्ये अर्ध्या-पाऊण ॲक्सिलरेटरवर ओढा, उतारावर गिअरमध्येच सोडा. वेग सतत बदलता ठेवा. एक्सप्रेसवेवर एकाच वेगाने मुंबई गाठणं पहिल्या हजार किलोमीटरमध्ये नको, आणि मे महिन्यात एसी लावून खंबाटकी चढणं तर नकोच. ऑइल साधं मिनरल वापरा आणि पहिलं पाचशे किलोमीटरच्या आत फिल्टरसकट बदला. हा फिल्टरही कापून बघा. थोडी करडी धूळ असेल, ती बांधणीची. तुकडे असतील तर गाडी तिथेच थांबवा.

हजार-दीड हजार किलोमीटर झाल्यावर चारही सिलिंडरचं काँप्रेशन पुन्हा मोजून घ्या. आकडे, बोअरची मापं, पार्ट नंबर आणि लेथवाल्याचं बिल एकाच फायलीत ठेवा. गाडी कधी विकायची झाली तर ‘इंजिनचं काम झालंय’ या तोंडी वाक्यापेक्षा ती फाइल जास्त किंमत मिळवून देते.